सत्तरपैकी किती? एका चांदीच्या नाण्याची कैफियत

"अंकल जी, आपको खुद को सत्तर में से कितने मिलेंगे?"

प्रश्न जाईनं विचारला, पण त्यामागं डोकं तिचं एकटीचं नव्हतं. दिशा आणि शमिका या तिच्या दोन मैत्रिणी खांबाआड उभ्या राहून ओढणीचं टोक तोंडात कोंबून हसत होत्या. पैज त्यांचीच. जाईनं हा प्रश्न विचारून दाखवला तर आठवडाभर तिचं दप्तर त्या दोघी उचलणार, आणि कचरली तर तिनं दोघींना टिक्की खाऊ घालायची. दोन वर्षांपूर्वीची जाई असती तर तिनं मुकाट टिक्कीचे पैसे काढले असते. पण यंदा शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत तिनं माईक हातात घेतला आणि तो परत द्यायचंच विसरली. तेव्हापासून तिला कोणालाही काहीही विचारता येतं.

झाशीच्या सिविल लाइंसमधल्या एका सभागृहात तीन दिवसांचं नाण्यांचं प्रदर्शन भरलं होतं. टेबलामागं बसलेल्या गृहस्थांचं नाव श्रीकृष्ण जी. नाणी तपासून त्यांना एक ते सत्तर असे गुण देणाऱ्या, आणि मग पारदर्शक डबीत कायमची बंद करणाऱ्या एका कंपनीचे ते प्रतिनिधी. सत्तर म्हणजे निर्दोष, जन्मल्या क्षणी होतं तसंच्या तसं. त्यांनी भिंग खाली ठेवलं, जाईकडं पाहिलं आणि आपल्या काळ्याभोर केसांवरून हात फिरवला.

"हमें? हमें तो नंबर ही नहीं मिलेगा, बिटिया. हम साफ किए हुए हैं. ये बाल देख रही हो? हर इतवार काली मेहंदी."

खांबाआडून खुसखुस ऐकू आली. जाईलाही हसू आवरेना. "मतलब?"

"मतलब, सिक्का हो या आदमी, एक बार घिसकर चमकाया तो चमक भले दुगनी हो जाए, नंबर गया. डिब्बी पर हम बस इतना लिख देते हैं, 'साफ किया हुआ'. और वो लिखा फिर मिटता नहीं."

सगळे हसले. मी सोडून. मी दप्तरात होतो, गणिताची वही आणि जेवणाचा डबा यांच्या मध्ये, आजोबांच्या रुमालात गुंडाळलेल्या एका निळ्या डबीत. ते वाक्य ऐकलं आणि माझ्या कडेच्या दोनशेच्या दोनशे खाचांवर काटा आला.

मित्रांनो, मी चांदीचं एक स्मारक नाणं आहे. अंगावर शंभराचा आकडा आहे, पण मी बाजारात कधी गेलो नाही. माझ्यात चांदी निम्मीच आहे, बाकी तांबं आणि इतर धातू, पण घरात त्याविषयी कोणी बोलत नाही. कुणाच्या स्मरणार्थ मला काढलं तेही मी मुद्दाम सांगत नाही, कारण सांगितलं की तुम्ही मला विसरून त्या मोठ्या प्रसंगाविषयीच बोलायला लागाल. सगळे तेच करतात.

मुंबईच्या टांकसाळीत मला पाडलं. साध्या नाण्यावर ठसा एकदा बसतो, माझ्यावर दोनदा बसला, आणि तो ठसाही आधी आरशासारखा घोटून घेतलेला. म्हणून माझं अंग असं लखलखीत निघालं की टांकसाळीतल्या बाईंनी हातमोजे घालून मला उचललं तेव्हा माझ्यात बघून त्यांनी नाकावरचा चष्मा सरळ केला. माझ्या एका बाजूला तीन सिंह दिसतात. तिघांनाही तोंड आहे, आणि तिघांपैकी एकालाही बोलता येत नाही. माझं सगळं दुखणं त्या एका गोष्टीत आहे.

मला मागवलं गोपाळरावांनी, म्हणजे जाईच्या आजोबांनी; मुलगा आणि सून त्यांना अण्णा म्हणतात. झाशीच्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून ते नुकतेच निवृत्त झाले होते. या घराचे पूर्वज अडीचशे वर्षांपूर्वी दक्षिणेतून इकडं कारकुनी करायला आले, आणि कारकुनी काही सुटली नाही. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि भाजीवाल्याशी बुंदेली, असा त्यांचा शिरस्ता. कचेरीत छत्तीस वर्षांत गोपाळरावांनी न वाचता एका कागदावर सही केली नाही. लोक म्हणायचे, गोपाळराव जी के दस्तखत माने पत्थर की लकीर. कोणी घाईत कागद पुढं सरकवला तर ते चष्मा पुसायला घ्यायचे आणि समोरचा घामाघूम होईपर्यंत पुसत राहायचे.

नात झाली त्याच वर्षी त्यांनी माझ्यासाठी टांकसाळीकडं नाव नोंदवलं. चार महिने वाट पाहिली. मी टपालानं आलो तेव्हा टपालवाल्याला पेढा मिळाला. मी निळ्या मखमली डबीत, आणि डबीच्या आत पुन्हा गोल पारदर्शक आवरणात, अशा दुहेरी बंदोबस्तात होतो. त्यांनी मला फडताळाच्या वरच्या कप्प्यात, कचेरीच्या निरोपाच्या शालीखाली ठेवलं. वर्षातून एकदा, जाईच्या वाढदिवसाला, ते डबी उघडायचे आणि मला हातभर लांब धरून म्हणायचे, "बघ जाई, हा तुझ्याच वयाचा. टांकसाळ सोडल्यापासून याला माणसाचा हात लागलेला नाही. माझ्या हातून अख्ख्या आयुष्यात एक तरी वस्तू जशीच्या तशी राहिली."

त्या वेळी दारात उभ्या असलेल्या स्वातीताई, जाईची आई, हटकून स्वयंपाकघरात निघून जायच्या. दूध उतू जातंय म्हणायच्या. पंधरा वर्षांत त्या घरात इतकं दूध उतू गेलं की हिशेब नाही.

कारण मला हात लागला होता. तोंडही लागलं होतं.

ते असं झालं. जाई सहा महिन्यांची झाली तेव्हा तिची उष्टावण होती. बाळाला पहिल्यांदा अन्न भरवायचं तो दिवस. या घरात खीर चमच्यानं भरवत नाहीत, चांदीच्या रुपयाला लावून चाटवतात, आणि त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्यांचा एकच जुना रुपया आहे. तो तेव्हा कानपूरला गोपाळरावांच्या बहिणीकडं, अनुसूया आत्यांकडं होता. त्या सकाळच्या बसनं तो घेऊन निघाल्या, आणि वाटेतल्या मोठ गावच्या मंडीजवळ गव्हाच्या ट्रॉल्यांची रांग लागली तिथं बस अडकली. दोन तास. गोपाळराव स्कूटर काढून बसस्टँडवर जाऊन उभे राहिले. इकडं गुरुजी घड्याळ बघून म्हणाले, "मुहूर्ताला आठ मिनिटं उरली. चांदीचा कुठलाही रुपया चालेल, पण चांदीचा हवा."

घरात चांदीचं नाणं दुसरं एकच होतं.

स्वातीताई फडताळाकडं धावल्या. शाल बाजूला झाली, डबी उघडली, आतलं आवरण नखानं उचकटलं गेलं. जाईच्या मामांनी मला खिरीत बुडवलं आणि बाळाच्या ओठांना लावलं. कोमट दूध, वेलदोडा, आणि मग ती मऊ हिरडी. मित्रांनो, मला पाडणारं यंत्र शेकडो टनांचा दाब देतं, पण त्या हिरडीनं मला धरलं तशी पकड मला पुन्हा कधी लाभली नाही. ती सोडेचना. सगळे हसत होते. मीही लखलखत होतो.

मग खाली स्कूटर वाजली. स्वातीताईंनी मला मोरीत नेलं. खीर माझ्या सिंहांच्या आयाळीत अडकलेली. गरम पाण्यानं निघेना, तेव्हा घरातली सगळी चांदी ज्यानं घासतात तेच त्यांनी हातात घेतलं, दंतमंजन आणि जुना ब्रश. गोल गोल, गोल गोल. पदरानं पुसलं, आवरणात दाबलं, डबीत घातलं, शालीखाली सारलं. मला त्यात काहीही वाईट वाटलं नाही. उलट वाटलं, वा, काय चमकतोय मी.

गोपाळराव रुपया घेऊन धापा टाकत वर आले. "झालं? कशानं चाटवलीत?"

"चमच्यानं," मामा म्हणाले.

"वाटीनं," जाईचे बाबा, आशिष, म्हणाले. दोघं एकदमच.

गोपाळरावांनी दोघांकडं पाहिलं. हातातला जुना रुपया त्यांनी बाळाच्या उशाशी ठेवला. "बरं. वाटीनं तर वाटीनं," ते म्हणाले आणि कोट काढायला आत गेले.

आता पुन्हा पंधरा वर्षं पुढं या.

नाणी तपासून सीलबंद करून मिळतात, ही बातमी गोपाळरावांनी पेपरात वाचली. म्हणजे जाईनं वाचून दाखवली, कारण त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. त्यांनी जाईला बोलावलं. "हे नाणं मी तुझ्या सोळाव्या वाढदिवसाला तुझ्या नावावर करणार. पण आधी तज्ज्ञानं बघून लिहून द्यायला हवं. कोणत्या कंपनीकडं द्यायचं ते तू ठरव. तू बोलकी आहेस. खोदून खोदून विचार."

जाईला एवढंच हवं होतं. तिनं नवी वही घेतली आणि मुखपृष्ठावर 'मिशन सत्तर' असं लिहिलं. परदेशातल्या एका कंपनीचं नाव मोठं होतं, पण नाणं कोणाच्या तरी हाती समुद्रापार जाणार आणि सहा महिन्यांनी परतणार. आजोबा म्हणाले, "तोवर मला ते दिसणार आहे का?" त्या पानावर फुली पडली. मग शुक्रवारी शाळा सुटल्यावर ती प्रदर्शनात गेली, आणि पैजेचा तो प्रश्न विचारून झाल्यावर तिनं श्रीकृष्ण जींना खरे प्रश्न विचारायला घेतले. तपासणारे किती जण असतात? एकाचं दुसऱ्याला माहीत असतं का? फोटो काढता? टपालात हरवलं तर? तुमची चूक झाली तर?

"दो आदमी अलग-अलग देखते हैं. गलती हुई तो दोबारा देखते हैं, और मान भी लेते हैं." श्रीकृष्ण जींनी भिंग पुसलं. "आप वकील बनेंगी क्या?"

"अभी सोचा नहीं."

"डिब्बी खोलिए तो एक नजर देख लूँ."

"दादाजी ने मना किया है. वो कहते हैं, आज तक किसी ने छुआ नहीं."

"बहुत अच्छे. फिर घर पर ही देख लेना. खिड़की के पास ले जाकर ऐसे तिरछा घुमाना. जिसको किसी ने घिसा न हो, उसमें रोशनी फिसलती है. घिसा हो तो अटकती है." त्यांनी तिला फॉर्म दिला. "इतवार पाँच बजे तक. दस्तखत मालिक के."

त्या संध्याकाळी जेवताना जाईनं काळ्या मेहंदीची गोष्ट सांगितली, श्रीकृष्ण जींचा हात केसांवरून कसा फिरला तेही करून दाखवलं. आजोबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. आशिषही हसले. स्वातीताई पोळी वाढत होत्या. त्यांचा हात ताटावर तसाच अधांतरी राहिला, आणि पोळी वाफ सोडून गार होत गेली.

जाई बोलकी आहे, पण आंधळी नाही.

शनिवारी दुपारी आजोबा झोपले असताना तिनं मला खिडकीशी नेलं. मी मनात म्हणत होतो, नको, पोरी, ढग येऊ दे. ढग कुठले, झाशीच्या आभाळात टाचणीएवढाही पांढरा ठिपका नव्हता. तिनं मला तिरपं केलं. ऊन माझ्या अंगावर उतरलं आणि अडकलं. गोल गोल, केसाहून बारीक शेकडो ओरखडे एकदम उजळले. मी काय करू शकत होतो? पाठ फिरवायलाही मला कोणाचा तरी अंगठा लागतो.

जाई मला घेऊन स्वयंपाकघरात गेली. स्वातीताई मेथी निवडत होत्या.

"आई, हे कोणी घासलं?"

स्वातीताईंनी मेथीची जुडी खाली ठेवली नाही. निवडत राहिल्या आणि सांगत राहिल्या. मोठची मंडी, आठ मिनिटं, दंतमंजन. शेवटी म्हणाल्या, "मला कुठं माहीत होतं ग, की चांदी घासायची नसते? माझ्या आईनं मला जे शिकवलं ते मी केलं."

"मग आजोबांना तेव्हाच का नाही सांगितलं?"

"सांगणारच होते. पण ते रुपया हातात घेऊन आले तेव्हा त्यांचा चेहरा... मग म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी वाटलं, बारशाच्या झबल्यांसारखं हेही विसरलं जाईल. आणि मग तुझा पहिला वाढदिवस आला, आणि ते म्हणाले, याला माणसाचा हात लागलेला नाही."

"ओरडतील का तुला?"

"ओरडले तर बरं होईल. अण्णा ओरडणार नाहीत. ते बरं म्हणतील आणि कोट काढायला आत जातील."

मी ओट्यावर होतो. मित्रांनो, गुन्हेगार पळून जाऊ शकतो, साक्षीदार उलटू शकतो. पुराव्यानं काय करावं? त्यानं नुसतं चमकत पडून राहावं.

संध्याकाळी आशिष ऑफिसातून आले. त्यांना सगळं कळल्यावर त्यांनी बूट काढता काढताच तोड काढली. "दतिया गेटला रोहित भैया आहे ना. तोही कुठल्यातरी कंपनीचं सील लावून देतो. फार चौकशा करत नाही. अण्णांचं मन राहील, तुझ्या आईचंही. कोणाचं काय बिघडलं?"

  जाईनं मला दप्तरात टाकलं आणि दिशाला फोन केला, कारण पैजेप्रमाणे दप्तर दिशानं उचलायचं होतं.

रोहित भैयाचं दुकान एवढंसं, पण आरसे चहूकडं. त्यानं डबीवरची मखमल चाचपली आणि खुश झाला.

"साफ किया हुआ हो तो?" जाईनं विचारलं.

"हओ, तो का हो गया. बताओ, कितने चइए?"

"कितने चाहिए मतलब?"

"सत्तर लिखेंगे तो लोग शक करते हैं. उनहत्तर कर दें? सोमवार को ले जाना."

"आपने तो खोलकर देखा भी नहीं."

"डिब्बा बढ़िया है, बिटिया. डिब्बे से मालूम पड़ जाता है."

खरं सांगतो, लपवत नाही. मला ते एकोणसत्तर हवे होते. अगदी जिभेला पाणी सुटावं तसे हवे होते, तीन जिभा आहेत माझ्याकडं. स्वातीताईंचं दूध मग कधी उतू गेलं नसतं. पण माझं मत विचारतो कोण?

बाहेर आल्यावर दिशा दप्तर सावरत म्हणाली, "ले ले ना यार. दादाजी खुश, मम्मी खुश, तेरा मिशन पूरा."

 जाई म्हणाली, "उसने देखा तक नहीं, दिशा. दादाजी को पंद्रह साल से किसी ने सच देखने नहीं दिया, अब आँखें ही नहीं रहीं. किसी एक को तो ठीक से देखने दो."

"तो मम्मी?"

 जाईनं वहीतलं दतिया गेटचं पान फाडलं, चुरगाळलं, आणि कचरापेटी सापडेना म्हणून घरापर्यंत मुठीत घेऊन आली.

रविवार उजाडला. आजोबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. कचेरीतलं शाईचं पेन धुऊन, भरून ठेवलं होतं. जाई फॉर्म आणायला आत गेली तेव्हा त्यांनी मला टेबलावर समोर घेतलं, डबीचं झाकण उघडलं आणि पुढं झुकले. त्यांना माझ्या जागी एक पांढरा गोळा दिसत असावा.

"घाबरू नको रे," ते हळूच म्हणाले. "सत्तर नाही मिळाले तर अडुसष्टही चालतील. मी कोणाला सांगणार नाही."

माझ्या तिन्ही सिंहांनी तोंड वासलं होतं. कधीचंच वासलंय. आवाज नाही आला.

जाई येऊन बसली. "वाच," आजोबा म्हणाले. "अक्षर न अक्षर."

ती वाचू लागली. नाव, पत्ता, टांकसाळ, साल. धातू. वजन. आजोबा प्रत्येक ओळीला मान हलवत होते, पेनाचं टोपण आधीच काढलेलं. "मैं, सिक्के का मालिक, घोषित करता हूँ कि मेरी जानकारी में यह सिक्का कभी..."

ती थांबली.

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. खुर्चीत आशिषनी धरलेला पेपर हलला नाही, पण ते वाचत नव्हते हे मलाही कळत होतं.

"का थांबलीस?" आजोबांनी विचारलं. "बोट ठेव, कुठं सही करायची."

त्यांचं बोट टेबलावर पुढं आलं आणि तिचं बोट शोधू लागलं. छत्तीस वर्षं ज्यानं एक कागद न वाचता सोडला नाही, तो माणूस त्या क्षणी नातीच्या बोटावर सही करायला तयार होता. खोट्यावर, आणि तेही नकळत. ती चूक त्याची नव्हतीच, पण अक्षर त्याचंच राहिलं असतं.

"आजोबा, पाच मिनिटं द्या," जाई म्हणाली. "पाणी पिऊन येते."

"पी की. पाच वाजेपर्यंत वेळ आहे."

तिनं फॉर्म उचलला, पेन उचललं, मलाही उचललं.

मित्रांनो, आता माझ्या हातात काही नाही. तसं पूर्वीही नव्हतं. या फॉर्मबरोबर गेलो तर मला आकडा मिळणार नाही, नुसते शब्द मिळतील, आणि ते शब्द घेऊन मी पारदर्शक डबीत कायमचा बंद होईन. पुन्हा कुठलं ऊन, कुठला अंगठा, कुठली हिरडी मला लागणार नाही. म्हणून जाता जाता एवढंच मागतो. तुमच्या घरात माझ्यासारखा कोणी असेल तर त्याला कडेनं धरा आणि दंतमंजनापासून लांब ठेवा. आणि चुकून घासलाच गेला, तर त्याच दिवशी सांगून टाका. ओरखडा तेवढाच राहतो. न सांगता ठेवला तर मात्र तो दरवर्षी वाढदिवसाला थोडा मोठा होतो.

जाईनं मला ओट्यावर मिठाच्या बरणीशेजारी ठेवलं. फॉर्म पोळपाटावर पसरला आणि उभ्या उभ्या काहीतरी लिहिलं. आशिष पेपर टाकून दारात आले. स्वातीताईंचे हात ओले होते, आणि त्या ते पुसत नव्हत्या.

"बाबा, आई, माझं ठरलं," जाई म्हणाली. तिचा आवाज माईकवरचा नव्हता, बारीक होता, पण थांबत नव्हता. "नाणं श्रीकृष्ण जींच्याच कंपनीला जाणार. ती घोषणेची ओळ मी काटली आहे. खाली लिहिलंय, साफ किया हुआ है, उष्टावण में, खीर के बाद. आता मी बाहेर जाते आणि आजोबांना पूर्ण फॉर्म वाचून दाखवते, ही ओळ पण. मग सही करायची की नाही ते ते बघतील. आई, तू काही नको बोलू. बाबा, तुम्ही पण नाही. खीर मी खाल्ली होती ना? मग सांगणार पण मीच."